बार्सिलोनाचं पलाऊ दे ला मूझिका बघायचं कसं

बार्सिलोनाला गेलेली आपली बरीच मंडळी साग्रादा फॅमिलिया चर्च आणि त्याचा आर्किटेक्ट गाउदीच्या बाकीच्या इमारती करून परत येतात आणि पलाऊ दे ला मूझिका कातालाना हे संगीताचं सभागृह राहूनच जातं. किंवा जातात तेही ते गाउदीचंच समजून बघतात. तर पहिली गोष्ट, हे गाउदीचं नाही, ल्युईस दोमेनेक इ मुंतानेर या आर्किटेक्टचं आहे, 1905 ला काम सुरू झालं आणि 1908 च्या फेब्रुवारीत उद्घाटन. आणि दुसरी जास्त महत्त्वाची, हे राजवाडा किंवा चर्च म्हणून बांधलेलंच नाही, ऑर्फेओ कातालान नावाच्या एका गायकवृंदाने स्वतःसाठी बांधून घेतलंय. बराचसा पैसा त्यांनीच उभा केला, श्रीमंत कारखानदारांनीही हातभार लावला. एवढं डोक्यात ठेवून बघा म्हणजे सगळी नक्षी अर्थासकट दिसायला लागते, नाहीतर नुसतं छान छान म्हणून बाहेर पडाल.

आधी दिवसाचं तिकीट काढा, सकाळी किंवा दुपारी, ऊन असताना. उर्किनाओना मेट्रोला उतरून चालत जायचं. आत घुसायची घाई नको, आधी कोपऱ्यावर थांबा. गल्ली इतकी अरुंद आहे की मागे सरकून आख्खा दर्शनी भाग बघताच येत नाही, मान वर करूनच बघावं लागतं. कोपऱ्यावर मिकेल ब्लायचा मोठा शिल्पसमूह आहे, कॅटलान, म्हणजे बार्सिलोना ज्या कॅटलोनिया प्रांतात आहे तिथल्या, लोकगीतावरचा. वर संत जॉर्ज, मध्ये गाण्याचं रूप असलेली बाई आणि तिच्याभोवती शेतकरी, खलाशी, म्हातारी माणसं, पोरं. त्याच दर्शनी भागावर पालेस्त्रिना, बाख, बेथोवन यांचे अर्धपुतळे शोधा. गावातली गाणी आणि युरोपातलं मोठं संगीत एकाच भिंतीवर, हे लक्षात ठेवा, आत याचंच पुढचं आहे. जुन्या तिकीट खिडक्या खांबांच्या आतच बसवल्यात, त्या बघायला विसरू नका.

जिन्यात कठड्याचे पिवळसर काचेचे खांब बघा, आत लोखंडी दांडा आणि बाहेरून काच. मग मुख्य सभागृह, ते वरच्या मजल्यावर आहे, खाली गायकवृंदाची तालमीची जागा. इथे जरा वेळ काढा, खुर्चीत बसा आणि फोन खिशात ठेवा. आख्खी इमारत लोखंडी सांगाड्यावर उभी आहे त्यामुळे भिंतींना वजन पेलायचं नाही, म्हणून तिथे दगडविटांऐवजी रंगीत काचा लावता आल्या आणि चारी बाजूंनी दाटीवाटीची वस्ती असूनही दिवसा आत उजेड येतो. 1908 साली असा विचार करणं म्हणजे कमालच आहे. वर छतात अंतोनी रिगाल्तने केलेला काचेचा उलटा घुमट, छतातून मोठी कढई खाली उतरावी तसा तो फुगवटा, मध्ये सूर्यासारखा पिवळा आणि कडेला निळा होत जाणारा.

मग स्टेजकडे बघा, पण नीट डावीकडून. डाव्या बाजूला अन्सेल्म क्लावे, ज्याने कामगारांचे गायकवृंद उभे केले, आणि त्याच्या झाडाखाली गाणाऱ्या मुली. उजवीकडे बेथोवन आणि त्याच्या वरून वॅग्नरच्या ऑपेरातल्या वाल्किरींचे, म्हणजे दंतकथेतल्या योद्ध्या स्त्रियांचे, घोडे अक्षरशः हवेत झेपावतात. बाहेरच्या भिंतीवर जे बघितलं ते इथे समोरासमोर आलं बघा! मागच्या गोल भिंतीवर 18 संगीतदेवता आहेत, कमरेपासून वरचा भाग एउसेबी आर्नाउच्या शिल्पातला आणि खालचे कपडे ल्युईस ब्रुच्या मोझेकमधले, प्रत्येकीच्या हातात काही ना काही वाद्य. माझ्या मते या इमारतीतलं सगळ्यात सुंदर काम हेच, घुमटाचे फोटो सगळे काढतात पण या बायकांकडे फार कमी लोक नीट बघतात.

इथे बसल्या बसल्या दोन गोष्टी आठवा. स्पॅनिश संगीतकार होआकिन रोड्रिगोचं गिटार कॉन्सेर्तो (गिटार आणि वाद्यवृंदासाठीची रचना), जे जगभर वाजतं, ते पहिल्यांदा 1940 मध्ये याच सभागृहात वाजलं. आणि 19 मे 1960, स्पेनमध्ये फ्रँकोची हुकूमशाही, कवी जोआन मारागाय यांच्या जन्मशताब्दीचा कार्यक्रम, सरकारातले मंत्री शहरात आलेले आणि कॅटलान झेंड्याच्या गाण्याला परवानगी नाकारलेली. ते गाणं मारागाय यांनीच लिहिलेलं, चाल ऑर्फेओच्या ल्युईस मिएतची, म्हणजे याच घरातलं गाणं. प्रेक्षकांतले लोक उभे राहिले आणि त्यांनी ते म्हटलं, मग अटका झाल्या. त्यातला एक जोर्दी पुजोल, तो तर त्या संध्याकाळी सभागृहात नव्हता, पण फ्रँकोविरोधी पत्रकांवरून त्याला लष्करी कोर्टाने सात वर्षांची शिक्षा दिली. पुढे 1980 मध्ये तोच कॅटलोनियाच्या सरकारचा प्रमुख झाला. म्हणून मी म्हणतो की या घराची नक्षी गाण्यापासून वेगळी काढून बघूच नका.

जमलं तर त्याच दिवशी संध्याकाळच्या कार्यक्रमाचंही तिकीट काढा, शक्यतो गायकवृंदाचा कार्यक्रम निवडा, बाजूची वरच्या मजल्यावरची सीट मिळाली तर घुमट आणि वाल्किरी दोन्ही जवळून दिसतात. आणि दुसऱ्या दिवशी दोमेनेकचंच सांत पाउ हॉस्पिटल बघून घ्या, 1997 मध्ये दोन्ही इमारती युनेस्कोच्या यादीत एकत्रच गेल्यात.