अजिंठा सोमवारी बंद असतो

माझं माहेर जळगावचं. अजिंठा तिथून साठेक किलोमीटर. शाळेची सहल असो की घरी आलेले पाहुणे, जायचं तिकडेच. त्यामुळे 2016 मध्ये, परराष्ट्र सेवेतल्या माझ्या जपानमधल्या पहिल्या पोस्टिंगवर, ज्येष्ठांच्या एका गटाने आपल्या महाराष्ट्र सहलीचा आराखडा माझ्या नजरेखालून घालायला दिला, तेव्हा मी तो पाच मिनिटांत परत केला. छान आहे म्हणाले. त्यात अजिंठा सोमवारी होता. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. बारा माणसं फर्दापूरच्या फाट्यावरून मागे फिरली.

त्यांत नारा शहरातल्या एक आजी होत्या. नाऱ्याजवळच्या होर्यूजी या बौद्ध मंदिरातली प्राचीन भित्तिचित्रं जानेवारी 1949 मध्ये आगीत होरपळली, तेव्हा त्या शाळेत होत्या. त्या चित्रांतला बोधिसत्त्व आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी यांच्यातलं साम्य अभ्यासक दाखवत आले आहेत. आजींना पद्मपाणीसमोर एकदा उभं राहायचं होतं. मी माफी मागायला गेले, तर त्यांनी मलाच चहा दिला आणि विचारलं, "तुम्ही पाहिलाय ना? कसा आहे?" मला नीट सांगता आलं नाही. इतक्यांदा पाहूनही.

परराष्ट्र सेवेची तयारी करणाऱ्या मुली भेटल्या की एक प्रश्न हमखास येतो: संस्कृती आणि पर्यटनाची कामं बायकांच्याच गळ्यात मारतात का? कधी कधी मारतात. मलाही राजकीय विभाग हवा होता, आणि त्या नाराजीतच मी तो आराखडा वाचला होता. पण या प्रश्नाच्या मागे काय काय घडलंय ते माहीत असू द्या. सी. बी. मुथम्मा 1949 मध्ये सेवेत आल्या, पहिल्या महिला अधिकारी. तेव्हा बाईला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी लागे, आणि लग्नानंतर राजीनामा मागायची मुभा सरकारला होती. 1970 मध्ये त्या हंगेरीत राजदूत झाल्या, तरी पुढच्या बढतीसाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. 1979 च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर कडक ताशेरे ओढले. 2001 मध्ये चोकिला अय्यर पहिल्या महिला परराष्ट्र सचिव झाल्या. मी जपानला पोचण्याच्या आदल्या वर्षापर्यंत तिथे दीपा गोपालन वाधवा राजदूत होत्या.

आजींच्या भेटीनंतर मी जुन्या फायली काढून वाचायला लागले. अजिंठा-वेरूळ परिसरासाठी जपानने 1992 पासून दोन टप्प्यांत कर्ज दिलं होतं. लेण्यांचं जतन, संभाजीनगरचा विमानतळ, रस्ते, पाणी, झाडं, सगळं त्यात. 2013 मध्ये महाराष्ट्राने जपानच्या वाकायामा प्रांताशी करार केला. त्याच प्रांतातल्या कोयासान या बौद्ध तीर्थक्षेत्री 2015 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. बुद्धाच्या वाटेने आलेला हा स्नेह कुठल्याही शिखर बैठकीआधीचा आहे. इसवी सन 752 मध्ये नाऱ्यातल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी केला तो बोधिसेन या भारतीय भिक्षूने. हे सगळं मी शेजारच्या गावची असून परदेशात जाऊन शिकले.

आता वाटेबद्दल. यूपीएससीचा अर्ज भरताना प्राधान्यक्रमात परराष्ट्र सेवा मनापासून हवी असेल तरच वर लिहा. मसुरीचा पायाभूत अभ्यासक्रम, मग दिल्लीतली सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्था, मग थर्ड सेक्रेटरी, म्हणजे दूतावासातल्या पहिल्या पायरीच्या अधिकारी म्हणून परदेशात भाषा शिकणं. त्या भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय सेवेत कायम करत नाहीत, तेव्हा ती पुढे ढकलू नका. परीक्षेच्या वाटेला जायचं नसेल आणि जपानीची ओढ असेल, तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटसारखी जागा आहे. चांगलं जपानी बोलणारा गाइड दूतावासाइतकंच काम करतो, हे मी पाहिलंय.

व्हिसाची खिडकी मिळाली तर ती मागून घेतल्यासारखी घ्या. स्वच्छतागृह कुठे, गुडघे दुखणाऱ्याला पायऱ्या किती, एकट्या बाईने रात्रीच्या रेल्वेने जावं का, हे प्रश्न तिथेच येतात. लिहून ठेवा आणि दिल्लीला कळवा. 2023 मध्ये पर्यटन मंत्रालयाची परदेशातली कार्यालयं बंद होऊन ही जबाबदारी दूतावासांवर आली आहे, म्हणजे तुमच्या टेबलावर ती येणारच.

आजी 2017 मध्ये पुन्हा गेल्या, गुरुवारी. परतल्यावर त्यांनी मला दोन पानी पत्र लिहिलं. मी ते शब्दकोश घेऊन तीन संध्याकाळी वाचलं. उजव्या हातात निळं कमळ आहे, त्यांनी लिहिलं होतं, आणि डोळे खाली झुकलेले. गाइडने विजेरी बाजूला धरली तेव्हा चेहरा आपल्याकडे वळल्यासारखा वाटला.