बायोचारसाठी काडीकचरा पारखायचा कसा

‘कसलाही काडीकचरा चालतो, भट्टीत टाका आणि पेटवा’ हा सल्ला ज्यांनी ज्यांनी पाळला, त्यांच्या भट्टीतून एक तर राख निघाली, नाही तर आतून तपकिरी राहिलेले ओंडके. मी स्वतः दोन्ही काढून झालो आहे. बायोचार म्हणजे वनस्पतीचा भाग हवा तोडून साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअसला तापवून केलेला, मातीत घालायचा कोळसा. ते तापवणं पुढे कसंही केलंत, तरी माल चुकीचा असेल तर भट्टी तो सुधारत नाही. म्हणून आधी माल पारखा. अर्धा दिवस जातो, पण पुढचे कितीतरी दिवस वाचतात.

आधी बाद करायचा माल

रंग किंवा वॉर्निश लावलेलं लाकूड, प्लायवूड, वाळवी लागू नये म्हणून औषध पाजलेले खांब आणि फळ्या, प्लॅस्टिकच्या सुतळीने बांधलेल्या मोळ्या (सुतळी काढली तर मोळी चालेल). इथे ‘थोडंसंच तर आहे’ हा विचार नको. जुन्या औषधी खांबांत बऱ्याचदा तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असतं. लाकडाचा मोठा भाग वायू होऊन निघून जातो आणि धातू बहुतेक मागेच राहतात, म्हणजे मूळ लाकडापेक्षा कोळशात ते जास्त दाट होतात. तो कोळसा तुम्ही मातीत घालणार आहात आणि मातीतून तो पुन्हा वेचता येत नाही.

कण्हेर मी भट्टीत घेत नाही, तिचा धूर विषारी असतो. काजूच्या टरफलांतलं तेल कातडी भाजतं आणि त्यांचा धूर डोळ्यांना आणि छातीला झोंबतो. धूर पूर्ण जाळणारी बंद भट्टी नसेल तर तीही नकोत.

जनावरं जो कडबा आवडीने खातात, तो जाळू नका. कोळसा करण्यासारखं बाकी पुष्कळ असतं: पऱ्हाट्या, तुराट्या, छाटलेल्या फांद्या, मक्याची बुरकुंडं, करवंट्या, वेडी बाभूळ, घाणेरी.

ओलावा

माझं सगळ्यात जास्त नुकसान इथे झालं, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

पहिली दोन वर्षं मी फांदी मोडून बघायचो. कडकन मोडली की वाळली. बोटाएवढ्या काडीला ही खूण पुरते, मनगटाएवढ्या फांदीला नाही. जाड फांदीची साल सुटलेली असते, टोकाला भेगा पडलेल्या असतात, हाताला ती कोरडी ठणठणीत लागते, आणि मधला गाभा मात्र ओला असतो. अशा फांद्या बारीक काड्यांबरोबर भट्टीत गेल्या की काय होतं ते नीट समजून घ्या. लाकडाच्या ज्या भागात पाणी आहे, तो भाग पाणी जाईपर्यंत १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतो. शेजारची वाळलेली काडी तोवर कोळसा होते, आणि तुम्ही जाड फांदीची वाट बघत बसलात तर तिची राख होते. म्हणजे बारीक माल जळून गेला आणि जाड माल कच्चा राहिला, एकाच भट्टीत. म्हणून मी ढिगाचा सरासरी ओलावा बघत नाही, ढिगातला सगळ्यात ओला तुकडा बघतो. सगळा ढीग सारखाच थोडा दमट असेल तर निभावून नेता येतं, पण ओला आणि सुका एकत्र असेल तर भट्टी हाताबाहेर जाते.

पाणी उडवायला लागणारी उष्णताही मालातूनच जाते. खोलीच्या तापमानाच्या एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.६ मेगाज्यूल लागतात. ताज्या तोडीच्या लाकडात निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं. पांढरा, जड, जमिनीलगत रेंगाळणारा धूर बराच वेळ टिकला, तर तुम्ही कोळसा करत नसून लाकूड वाळवत आहात असं समजा.

मापायचं कसं? वजनाने. दुसरी कोणतीही पद्धत मी अखेरची मानत नाही.

ढिगाच्या वरून, तळातून आणि पोटातून मिळून आठ-दहा तुकडे काढा. सगळ्यात जाड तुकडे मुद्दाम घ्या. प्रत्येकाच्या लांबीच्या मध्यावरून दोन-तीन सेंटीमीटर जाडीची चकती कापा. टोकाची चकती घेऊ नका, कारण टोकं आधी वाळतात आणि खोटं बोलतात. चकत्या कापल्या कापल्या लगेच तोला, तासाभराने नाही. मग ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवा आणि दर काही तासांनी तोला. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की पाणी संपलं. जाड चकतीला पूर्ण दिवस लागू शकतो.

समजा, चकत्या ५०० ग्रॅम होत्या आणि ३८० उरल्या. पाणी १२० ग्रॅम. आता हे १२० कशाने भागायचं? ओल्या वजनाने, म्हणजे ५०० ने भागलं तर ओलावा २४ टक्के. कोरड्या वजनाने, ३८० ने भागलं तर जवळपास ३२ टक्के. लाकूड तेच, पाणी तेच, आकडे दोन. भट्टीच्या सूचनांमधला आकडा बहुधा ओल्या वजनावरचा असतो. सुतारकामासाठी मिळणारं दोन सुयांचं मीटर मात्र सहसा कोरड्या वजनावरचा आकडा दाखवतं. मीटरवरचे २५ म्हणजे ओल्या वजनावरचे २०. हा घोळ मला कुणीही सांगितला नव्हता. मी एक अख्खा हंगाम चुकीचे आकडे वहीत लिहीत गेलो.

मीटर वापरायचंच असेल तर तुकडा उभा फोडा आणि आतल्या ताज्या बाजूवर सुया टोचा. सालीवर टोचून आलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. पऱ्हाट्या, पेंढा, तूस यांवर ते मीटर लावूच नका, ते लाकडासाठी बनवलेलं असतं.

‘उन्हात ठेवून वजन स्थिर झालं की ओलावा शून्य’ हेही चूक. हवेत दमटपणा असतो, त्यामुळे उन्हात वाळलेल्या लाकडातही बरंच पाणी शिल्लक राहतं. उन्हात वाळवणं योग्यच आहे, पण मोजणी त्यावर करू नका.

माझी मर्यादा, ओल्या वजनावर: १५ टक्क्यांच्या आत असेल तर बिनधास्त घ्या. १५ ते २० असेल तर उघड्या तोंडाच्या भट्टीत चालतं, थर पातळ टाका. २० च्या वर गेलं की थांबा, फोडा, आडोशाला हवेशीर रचा आणि पुन्हा मोजा.

बांबूचं वेगळं. पेरं बंद असतात, आतली हवा आणि वाफ कोंडते आणि ती जोरात फुटतात. उभा चिरल्याशिवाय बांबू भट्टीत टाकू नका.

जाडी

जाडीप्रमाणे ढीग वेगळे करा: बोटाएवढा, मनगटाएवढा, त्याहून जाड. जाड माल फोडून मनगटाएवढा करा. तूस आणि भुसा उघड्या भट्टीत दाबून बसतात आणि आत उष्णता पोचत नाही, त्यांना वेगळी भट्टी लागते.

राख

वाळवलेल्या मालातले ५० ग्रॅम लोखंडी ताटलीत पूर्ण जाळा, काळा कण उरला नाही की तोला. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. साल काढलेल्या लाकडाची राख बहुधा एक टक्क्याच्या आसपास येते, पेंढ्याची त्याच्या कितीतरी पट, आणि भाताच्या तुसाची १५ ते २० टक्के. ही राख सगळी कोळशातच राहते. १०० ग्रॅम तुसातून ३५-४० ग्रॅम कोळसा निघाला, तर त्यातला जवळजवळ निम्मा राखच असतो. तूस वाईट आहे असं नाही, पण त्याच्या कोळशाला लाकडाच्या कोळशाइतका कार्बन आहे असं समजून हिशेब करू नका. तुसाच्या राखेत बहुतांश सिलिका असते. तिची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका, मास्क लावा आणि कोळसा ओलाच हाताळा.

अपेक्षेपेक्षा राख जास्त आली तर आधी मुळांकडे बघा. उपटलेल्या पऱ्हाट्यांना चिकटलेली माती राखेत मोजली जाते. मुळं झटका किंवा छाटून टाका आणि परत मोजा.

जास्त राख असलेला कोळसा बहुधा अल्कधर्मी असतो. तुमची माती आम्ल असेल तर तो फायद्याचा. आधीच अल्कधर्मी किंवा खारट असेल तर पेंढा-तुसाचा हट्ट सोडा आणि लाकडी माल घ्या.

छोटी भट्टी

ओलावा आणि राख दोन्ही जमले की निवडलेल्या मालाची एक लहान भट्टी लावा. भट्टीत टाकलेल्या मालाचं वजन आणि जाडी वहीत लिहा. कोळसा पाण्याने पूर्ण विझवा, वाळवा आणि सगळ्यात जाड पाच तुकडे मधून मोडा. आरपार काळे आणि ठिसूळ असले तर त्या जाडीचा सगळा ढीग घ्यायला हरकत नाही. मध्ये तपकिरी गाभा दिसला तर त्या जाडीचा माल पुन्हा फोडून वाळत घाला आणि चकत्यांचं वजन परत करा.