नरसंहाराचा धडा शिकवताना या चुका टाळा

27 जानेवारी 1945 ला ऑशविट्झची छावणी मुक्त झाली, म्हणून तो दिवस जगभर होलोकॉस्टमधल्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या नरसंहारातल्या, बळींच्या स्मरणाचा. आपल्याकडे तो नेमका प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी येतो. मुलं दमलेली, निम्मा वर्ग गैरहजर. मग परिपाठात दोन मिनिटं शांतता, की झालं! तारखेचा हट्ट सोडा. नववीत नाझीवादाचा धडा येईल तेव्हा सलग दोन तास काढा.

सगळ्यात मोठी चूक प्रोजेक्टरवर होते. प्रेतांचे ढीग दाखवले की मागच्या बाकांवर खुसखुस, पुढे कुणीतरी मान खाली घालून बसलेलं. मारल्या गेलेल्या 60 लाख ज्यूंचा आकडाही आल्या आल्या फळ्यावर नको. त्याऐवजी गुंटर डेमनिग या जर्मन कलाकाराच्या पाट्या दाखवा. 1992 पासून तो बळींच्या घरासमोर फुटपाथमध्ये तळहाताएवढ्या पितळी पाट्या बसवतोय: इथे कोण राहत होतं, जन्मसाल, कधी नेलं, पुढे काय झालं. दोघादोघांत एकेक पाटी वाटा आणि आधी विचारा, हा माणूस जगत कसा होता? दुकान कसलं, शाळा कुठली? याद वाशेम या जेरुसलेममधल्या होलोकॉस्ट स्मारक-संस्थेचा बळींच्या नावांचा संग्रह इंटरनेटवर फुकट बघता येतो. शोधाशोध मुलांनाच करू द्या.

निम्म्या वर्गाला, नाझींनी ज्यूंना सक्तीने लावायला लावले तसे, पिवळे तारे लावून नाटक बसवू नका. त्याचा खेळच होतो. ज्यूंवरची बंधनं क्रमाने फळ्यावर लिहा: 1935 ला नागरिकत्व गेलं, 1938 ला मुलांना जर्मन शाळांतून काढलं, 1939 ला रेडिओ जप्त, 1942 ला घरात कुत्रं-मांजर पाळायला बंदी. कुत्र्यापाशी आलं की वर्ग हमखास बोलायला लागतो.

"सर, पण हिटलर शिस्तीचा होता ना?" हे कुणीतरी विचारणारच, त्याचं आत्मचरित्र आपल्याकडे फुटपाथवरही मिळतं. मुलावर डाफरू नका. फळ्यावरची यादी दाखवा आणि यातली शिस्त कुठली, ते त्यालाच सांगू द्या. "ते पळून का नाही गेले?" याला उत्तर आहे: ज्यू निर्वासितांना कोण घेणार हे ठरवायला जुलै 1938 मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँला 32 देश जमले आणि बहुतेकांनी हात वर केले.

ज्यू म्हणजे कुणीतरी लांबचे, असं मुलांना वाटत असेल तर पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, दाखवून आणा (आधी परवानगी काढा). ते ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी बांधलं. ससून रुग्णालयालाही त्यांचंच नाव. फक्त गल्लत नको. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंवर होलोकॉस्ट ओढवला नव्हता, त्यांना बळींचे प्रतिनिधी म्हणून मुलांपुढे बसवू नका.

आफ्रिकेतल्या रवांडाचा नरसंहारही घ्या: 1994, सुमारे 100 दिवस, आठ लाखांच्या आसपास माणसं, आणि मारणाऱ्यांत शेजारीपाजारी. पण कुणाचं दुःख मोठं, ही तुलना मुलांनी काढली तर तिथेच थांबवा.

आणि पोस्टर स्पर्धा कृपा करून नको. यात पहिला नंबर कशाचा काढणार? पालकांना मात्र आदल्या आठवड्यात दोन ओळींचा निरोप पाठवा. नंतर येणारे निम्मे फोन वाचतात.