छोटा टॅब गेमिंगसाठी घेताय? आधी तो आडवा धरा

दुकानात आपण टॅब उभा धरून बघतो, खेळतो मात्र आडवा. घोळ तिथेच होतो.

म्हणून ८ इंचाच्या आसपासचा टॅब हातात घेऊन आडवा करा आणि दोन्ही अंगठे मधोमध टेकतात का ते पाहा. तळव्याखाली स्पीकर दबतोय का? चार्जिंगची पिन बोटांत घुसतेय का? पाच मिनिटं तसाच धरून ठेवा, वजन खरं किती ते मनगटच सांगेल. नेमबाजीचे गेम खेळत असाल तर जायरोस्कोप (टॅब कसा हलतो-वळतो ते ओळखणारा सेन्सर) आहे का, हे आवर्जून विचारा. स्वस्त टॅबमध्ये तो बरेचदा नसतो, आणि मग टॅब हलवून नेम धरणं विसराच. रॅमच्या मोठ्या आकड्यापेक्षा प्रोसेसर बघा.

घरी आणल्यावर:

१. गेमच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स मध्यम ठेवा आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) ६० वर बांधा. सुरुवातीला ९० किंवा १२० झकास वाटतं, पण टॅब तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि ऐन लढाईत चित्र अडखळतं. स्थिर ६० केव्हाही बरं.
२. खेळताना जाड कव्हर काढा, ब्राइटनेस थोडा उतरवा.
३. 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करा.
४. चार्जिंगला लावून खेळू नका.

तापलेला टॅब फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, आत दव धरतं.