जुन्या कोरड्या खोकल्याचे कारण शोधायला जाण्यापूर्वी

खोकला नेमका कधी सुरू झाला, हे सर्वांत आधी कागदावर लिहावे. तारीख आठवत नसेल तर गणपतीच्या आधी की नंतर, मुलांच्या परीक्षा चालू होत्या की सुट्टी लागली होती, अशा खुणांवरून निदान आठवडा तरी ठरवावा, कारण ‘बरेच दिवस झाले’ या उत्तरातून डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही. प्रौढांमध्ये 8 आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्याला जुना खोकला म्हणतात. सर्दी-तापानंतर मागे राहिलेली ढास बहुधा त्याआधीच ओसरते. मात्र याचा अर्थ 8 आठवडे घरी थांबावे असा नाही. आपल्याकडे 2 आठवडे किंवा त्याहून अधिक खोकला असलेल्या माणसाची क्षयरोगासाठी तपासणी व्हावी, असा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा दंडक आहे आणि ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. थुंकीतून रक्त येणे, वजन घटणे, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, धाप लागणे किंवा आवाज बसून राहणे यांपैकी काहीही असेल तर पुढील तयारीत वेळ न घालवता त्याच दिवशी निघावे.

एरवी जाण्यापूर्वीचे सात-आठ दिवस उबळ केव्हा येते याची नोंद ठेवावी. पहाटे तीन-चारच्या सुमारास येणारी, थंड हवेने, हसण्याने किंवा जिना चढल्यावर उसळणारी ढास दम्याकडे बोट दाखवते, मग छातीतून सूं-सूं आवाज येत नसला तरीही. जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवे होताच येणारी उबळ आम्लपित्ताची असू शकते. अशा रुग्णांपैकी अनेकांना छातीत जळजळ मुळीच होत नाही, म्हणून ‘मला पित्ताचा त्रास नाही’ असे आधीच ठरवून टाकू नये. सतत घसा खाकरावा लागणे आणि नाकातून मागे घशात काहीतरी उतरल्यासारखे वाटणे हेही लिहावे. कानातला मळ किंवा कानाला टेकलेला केस यांमुळेसुद्धा खोकला येऊ शकतो, कारण कानाच्या नळीतील एक मज्जातंतू खोकल्याच्या मार्गाशी जोडलेला असतो. हे कारण विरळा असले, तरी कान तपासून घ्यायला खर्च येत नाही.

माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते चालू गोळ्यांकडे. घरात जी जी औषधे घेतली जातात, त्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात. दुकानातून कापून आणलेल्या अर्ध्या पट्टीवर औषधाचे नाव उरतेच असे नाही, त्यामुळे जुनी चिठ्ठीही बरोबर असावी. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी ज्यांच्या मूळ नावाच्या शेवटी ‘प्रिल’ येते, म्हणजे एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, त्यांनी काही जणांना कोरडा खोकला होतो आणि तो गोळी सुरू केल्यानंतर काही महिन्यांनीही उद्भवू शकतो, म्हणून माणसाला दोहोंचा संबंध लागत नाही. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. तिच्या जागी देण्याजोगी दुसरी औषधे आहेत आणि तो बदल डॉक्टरांनीच करायचा असतो. आतापर्यंत कोणकोणती खोकल्याची औषधे आणि प्रतिजैविके घेऊन झाली, तेही सांगावे, कारण काही प्रतिजैविकांनी क्षयरोग तात्पुरता दबून निदान लांबते.

त्यानंतर घर आणि काम. खिडकीत किंवा एसीच्या मागे कबुतरांची वस्ती, उदबत्ती, डास पळवण्याची कॉइल, चुलीचा धूर, ओल धरलेली भिंत, स्वतःचे किंवा शेजारी बसणाऱ्याचे धूम्रपान, यांतले काय काय आहे ते प्रामाणिकपणे लिहावे. कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते आणि सुरुवातीला साधा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो, म्हणून ही माहिती रुग्णानेच द्यावी लागते. इचलकरंजी-भिवंडीच्या मागावर काम, साखर कारखान्यातील चिपाडाची धूळ, दगडखाण, पिठाची गिरणी यांचा उल्लेख निवृत्तीनंतरही करावा. विदर्भासारख्या हत्तीरोगाच्या पट्ट्यात राहणे झाले असेल आणि खोकला रात्रीच जोर करत असेल, तर तेही सांगावे. हत्तीरोगाच्याच कृमींमुळे होणाऱ्या अशा एका आजारात रक्तातील इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) फार वाढलेल्या असतात आणि तो गोळ्यांनी बरा होतो.

जुन्या एक्स-रेच्या नुसत्या अहवालाऐवजी फिल्मच न्यावी, म्हणजे नव्या फिल्मशी तुलना करता येते. फुंकण्याची चाचणी (नळीत जोराने फुंकून फुप्फुसांची ताकद मोजणारी स्पायरोमेट्री) होण्याची शक्यता असल्यास त्याआधी पोटभर जेवू नये, विडी-सिगारेट ओढू नये, कपडे सैल घालावेत आणि दम्याचा पंप (इनहेलर) वापरत असल्यास तो किती तास आधी थांबवायचा हे फोन करून विचारून ठेवावे. ही चाचणी निर्दोष आली तरी दमा नाही असे लगेच ठरत नाही.

निघताना ‘याचा गुण किती दिवसांत यावा?’ हा प्रश्न विसरू नये. रक्तदाबाची गोळी बदलल्यावर खोकला बहुधा 1 ते 4 आठवड्यांत थांबतो, कधी 3 महिनेही लागतात. आम्लपित्ताच्या उपचाराने खोकला कमी व्हायलाही 2-3 महिने लागू शकतात. औषध बदलल्याची तारीख त्याच कागदावर, खोकला सुरू झाल्याच्या तारखेखाली लिहून ठेवावी.