साताऱ्यात पथनाट्य, चळवळीच्या कार्यक्रमांत नवीन येताय? माझं पहिलं वर्ष

ज्युनियर पोरं विचारतात की साताऱ्यात नाटक, गाणी, सामाजिक कार्यक्रम यात शिरायचं कसं, फॉर्म असतो का, ऑडिशन असते का. काही नसतं ओ. तासभर आधी जायचं आणि सतरंजी अंथरायला लागायचं, झाली एन्ट्री. मी माणमधून बीएला आलो तेव्हा डायरेक्ट डायलॉग मिळेल असं वाटलेलं, पहिले दोन महिने नुसती स्पीकरची वायर गुंडाळली.

तारखा बऱ्यापैकी ठरलेल्या असतात. 20 ऑगस्ट डॉ. दाभोलकरांचा स्मृतिदिन, ते इथलेच, 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. मग 7 नोव्हेंबर, 1900 साली याच दिवशी बाबासाहेबांचं नाव साताऱ्यातल्या शाळेत दाखल झालं म्हणून विद्यार्थी दिवस. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, नायगावला खंडाळा तालुक्यात, तिकडं गर्दी असते, सकाळी लवकर निघा. नोव्हेंबरवाल्या तालमी सेमिस्टरच्या तोंडावर येतात तेवढं घरी आधीच सांगून ठेवा, मी सांगितलं नव्हतं आणि काय ऐकून घेतलं ते विचारू नका.

माझा पहिला खरा रोल ऑगस्टमधला, एका गावात भोंदूबाबाचा चेला. बाबा मंत्र म्हणतो, ताटातल्या राखेवर तूप सोडतो आणि आपोआप जाळ होतो, असा सीन. राखेखाली पोटॅशियम परमँगनेट असतं आणि तूप म्हणजे ग्लिसरीन, दोन्ही एकत्र आले की स्वतःच पेटतं, काडी लागत नाही. ताट लावायचं काम माझं. मी खडे कुटलेच नाहीत, तसेच टाकले, त्यात भुरभुर पाऊस आणि गारठा. बाबाचे मंत्र संपले, तूप संपलं, जाळ काही येईना. लोक हसायला लागले. बाबा झालेला आमचा मित्र म्हणाला, आज देवाला सुट्टी हाय. आम्ही पुढचा सीन चालू केला आणि मध्येच मागं भप्पकन पेटलं, चांगला गुडघाभर जाळ, पहिल्या रांगेतली पोरं किंचाळली. तेव्हापासून नियम, खडे बारीक कुटायचे, त्याच दिवशी बाहेर ट्रायल घ्यायची, ताट स्टीलचं, बाजूला मातीची बादली आणि पोरं लांब. फसल्यासारखं वाटलं तरी ताटावर वाकून बघायचं नाही.

पण शिकलो ते नाटक संपल्यावर. एक आजी थांबली, तिच्या नातीच्या डोक्यात जट होती. म्हणाली, "जट काढली आन् देवी कोपली तर तू जबाबदारी घेतूस का?" मला सगळं पाठ होतं, केस विंचरले नाहीत, धुतले नाहीत की गुंता होतो, तेल मळ धूळ साठून घट्ट होतो, देवीचा काही संबंध नाही. पण तोंडातून शब्द फुटेना, कारण आजी भांडत नव्हती, घाबरली होती. आमच्यातली सीनियर ताई तिच्याशेजारी सतरंजीवर बसली आणि एवढंच विचारलं, "आजी, पोरीची मान दुखती का हो?" आजी म्हणाली, रात्री कुशीवर वळता येत नाही तिला. पुढं अर्धा तास त्या दोघी बोलत होत्या, देवीचं नाव ताईनं एकदाही घेतलं नाही. नंतर ती तीनदा त्या घरी गेली, चौथ्यांदा आईनंच कात्री आणून दिली.

म्हणून पब्लिक उठलं की लगेच टेम्पोत जाऊन बसू नका, रील टाकायची घाई तर अजिबात नको. बाया मागं रेंगाळतात, चपला शोधल्यासारखं करतात, त्यांना काहीतरी विचारायचं असतं.

पैसे मिळतात का? नाही. चहा, वडापाव, कधी एसटीचं भाडं. पण एमएसडब्ल्यूच्या इंटरव्ह्यूला मला फील्डवर्कबद्दल विचारलं तेव्हा मी ही आजीचीच गोष्ट सांगितली आणि पुढचा प्रश्न आलाच नाही.

आणि पावसाळ्यात येताना रेनकोट आणा, छत्री नको, सतरंज्या उचलायला दोन्ही हात लागतात.