मिळून कोडिंगला बसण्याआधी

तिघाचौघांनी मिळून संशोधनासाठी घेतलेल्या मुलाखतींचं कोडिंग करायचं, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना अर्थाची लेबलं (कोड) लावायची, असं ठरलं की आधी वार बघा. पुण्यात गुरुवार नको, दुरुस्तीसाठी वीज जायची ती बहुतेक त्याच दिवशी जाते. जागाही आधीच धरा. फर्ग्युसन रस्त्यावर कॉफी चांगली मिळते, पण घरकामगार बायांच्या मुलाखती हॉटेलात मोठ्याने वाचायच्या नसतात. शेजारच्या टेबलावर नेमकं त्याच सोसायटीतलं कुणी निघतं.

मग संमतीपत्र काढून पुन्हा वाचा. तुमच्याखेरीज आणखी कुणी ही मुलाखत वाचेल, असं त्यात लिहिलंय का? नसेल तर त्या ताईंना फोन करून विचारा, आणि नाही म्हणाल्या तर ती मुलाखत गठ्ठ्यातून बाहेर. नावं सगळेच बदलतात. आडनावापाशी मात्र थांबा. आडनाव जात सांगतं, म्हणून मनाला येईल ते दुसरं चिकटवलं तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते. आडनाव काढून टाका आणि जात वेगळ्या रकान्यात नोंदवा. मी एकदा नाव, सोसायटी, शाळा सगळं पुसलं आणि गणपती मंडळ तसंच राहिलं. वाचणारी मैत्रीण पर्वती पायथ्याची. तिने गल्लीसकट ओळखलं.

मजकूर मराठीतच न्या. तासाभराची मुलाखत उतरवायला पाच-सहा तास जातात, त्यामुळे थेट इंग्रजीत उतरवून मोकळं व्हायचा मोह होतो, मलाही झाला होता. एक ताई म्हणाल्या होत्या, "मी काम सोडलं नाही, काम सुटलं." माझ्या इंग्रजीत दोन्ही क्रियापदांचं एकच झालं. बैठकीत एकीने 'स्वतःहून सोडलं' असा कोड दिला, दुसऱ्याने 'काढून टाकलं', आणि अर्धा तास वाद. शेवटी मूळ ओळ काढली. मुलगा आजारी म्हणून चार खाडे झाले, पाचव्या दिवशी गेल्या तर ओट्यापाशी दुसरी बाई. कुणी 'येऊ नका' म्हटलं नाही, यांनीही विचारलं नाही. 'सुटलं'मध्ये सोडणारा-काढणारा कुणीच नाही, आणि त्या ताईंनी तो मुद्दामच ठेवला नसावा. दोन्ही कोड खोडून तिसरा करावा लागला.

म्हणून कोडची वही आधी तयार हवी: प्रत्येक कोडचा अर्थ एका ओळीत, एक उदाहरण, आणि यात काय बसत नाही तेही. त्याच दोन मुलाखती प्रत्येकाने घरी, एकमेकांना न विचारता कोड करून आणायच्या. छापील प्रतींवर ओळींचे क्रमांक आणि रुंद समास ठेवा. संगणकावर करायचं तर टॅगेट हे कोडिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, एकाच प्रकल्पावर अनेकांना काम करता येतं.

दोघांचे कोड कितपत जुळतात, तो सहमतीचा आकडा काढायचा की नाही, हे गाइडशी आधीच बोलून घ्या. नुसत्या टक्केवारीवर जाऊ नका. समजा 100 उतारे आहेत. एक कोड दोघांनी मिळून 2 ठिकाणी लावला, एकट्या पहिल्याने 4, एकट्या दुसऱ्याने 4. उरलेल्या 90 ठिकाणी कुणीच नाही. सहमती 92 टक्के दिसते, पण योगायोगाने जुळणारा भाग वजा करणारा कोहेनचा 'कप्पा' हा गुणांक (1960) जेमतेम 0.29 येतो. जे 90 उतारे दोघांनीही सोडले, त्यांनीच टक्केवारी फुगवलेली असते. आणि ब्राउन-क्लार्क यांच्या चिंतनशील थीमॅटिक पद्धतीने (मजकुरातून अर्थाची सूत्रं शोधायची पद्धत) जाणार असाल तर या आकड्याची गरजच नाही. तिथे वाचणाऱ्याची नजर हा दोष धरत नाहीत.

डेटा कुणाचा, प्रबंधात काय जाणार, लेखावर कुणाकुणाची नावं, हे चहा येण्याआधी लिहून सह्या करा. मैत्रीत अवघड वाटतं, नंतर जास्त अवघड जातं. एक्स्टेन्शन बोर्ड न्या.

आणि मतभेदांची वेगळी वही ठेवा, तारखेसकट. कोड का बदलला, असं सल्लागार समिती सहा महिन्यांनी विचारते तेव्हा तीच उघडायची असते. माझ्या वहीत एकट्या 'सुटलं'ची दीड पानं आहेत.